पथारीतली जागा

नंदुरबारला आले तेव्हा माझ्याकडे
एक मंजूर प्रकल्प होता, एक ड्रोन,
आणि धुळ्याच्या इंग्रजी शाळेत बुजून गेलेली अहिराणी.
मिरचीच्या पथाऱ्या पाहून
बडोद्यात शिकलेला डोळा म्हणाला, केवढा हा लाल!
दहा मिनिटांत त्याच डोळ्यातून पाणी.
मी शिंकत राहिले. बाया हसल्या.
तोंडाला फडकी बांधलेली,
हसू फक्त खांद्यांवरून कळलं.

सहभागी महिला : सदतीस.
अर्जात तसा रकाना होता.
बुडेल ती रोजी प्रकल्पातून देऊ, मी सांगितलं.
निंबाबाई म्हणाली, "मंग काय करानं?"
तुम्हीच ठरवा. वाळत्या मिरचीत एक आकार काढायचा,
तुमचा, वरून दिसेल असा.
"वरथीन कोन देखस?"
याला अर्जात रकाना नव्हता.

तीन दिवस नुसती बोलणी, देठ खुडता खुडता.
मोर काढू, कोणी म्हणालं.
मोर तर प्रत्येक शाळेच्या भिंतीवर आहे.
याहामोगी माता?
देवीला उन्हात पसरायचं नाही,
जेमाबाई पाडवीने निकाल दिला.
एकीला लेकीचं नाव हवं होतं,
मग सगळ्यांनाच हवं झालं,
आणि सदतीस जणींची एकशे चार लेकरं
एका शेठच्या जमिनीवर मावणार कशी?

चौथ्या दिवशी जेमाबाई उठली.
पथारीच्या मधोमध जाऊन पायाने मिरच्या सारल्या,
उकिडवी बसली,
दोन्ही हात पसरून बसल्या जागी फिरली.
"इतली बस."
सायकी वळवीने सुतळी धरली. कोपरे झाले चार.
आत झाडू मारला, एक बीसुद्धा राहू दिलं नाही.

मला वाटलं, मौन.
मला वाटलं, अनुपस्थिती.
पडद्यावर लाल, लाल, लाल, आणि मधे
मातीचा एक चौकोन.
चित्र सुरेख होतं, हे कबूल करायला हवं.
"हाई काय शे?" माझी मोडकी अहिराणी.
सगळ्या पुन्हा खांद्यांनी हसल्या.

रतिलालशेठने सरळ हिशेब केला :
एवढ्यात दोन पोती वाळतात.

संध्याकाळी सायकी मला रुळांपलीकडे घेऊन गेली,
वेड्या बाभळीत, हातात डबा.
सुरतेकडची गाडी जाईपर्यंत
आम्ही पाठ करून उभ्या राहिलो.
परतून आल्यावर ती घटाघटा पाणी प्यायली.
सकाळपासूनचं पहिलं.
दिवसा कोणी पीतच नाही, म्हणाली.
तेव्हा मला माप कळलं.
चार फूट बाय सहा. दार उत्तरेला,
शेठच्या काट्याकडे पाठ येईल असं.

पुण्याच्या दालनात ते भिंतभर लागलं.
एका गृहस्थांनी मान तिरपी करून विचारलं,
या रिकामेपणाकडे कसं पाहायचं?
मी म्हटलं, कोणी पाहू नये
यासाठीच आहे तो.
त्यांनी वहीत लिहून घेतलं.

पैसे उरले होते, विटा आल्या असत्या.
मी विचारून पाहिलं.
उत्तर आलं, बांधकाम कलेत बसत नाही.
बसत नाही.
हे जेमाबाईला वाचून दाखवायचं राहिलंय.

काल सायकीचा फोन.
झालं का बांधून?
कसलं काय. शेठ म्हणतो, जागा सोडलीय ना, अजून काय पाहिजे?
पण चौकोन आहे.
हंगाम नवा, मिरची नवी,
तरी पथारी टाकताना कोणी न सांगता
बाया तेवढी जमीन चुकवतात.
रात्री वाऱ्याने मिरच्या आत घरंगळतात,
सकाळी आधी त्या वेचायच्या,
मग कामाला लागायचं.

"येशी तव्हय गवंडी लई येजो,"
ती म्हणाली, आणि शिंकली.
मागे आणखी दोघी शिंकल्या.
फोन चालूच होता.